सर्वांसाठीं एकच नीति?



नीति ही देशोदेशींच्या चालीरीतींप्रमाणें बदलते, कीं सर्व मानवांना बांधणारी एखादी नीति असूं शकते, हा वाद जुनाच आहे. आज महाजालावर दूरदेशींचीं माणसें क्षणांत एकमेकांशीं बोलूं लागतात. त्यामुळें तो घरोघर येऊन ठेपला आहे. या वादाची प्रत्यक्ष कसोटी पूर्वीं एकदां लागली होती. तो प्रसंग आपणांपुढें ठेवितों.

दुसऱ्या महायुद्धानंतर संयुक्त राष्ट्रांनीं मानवी हक्कांसाठीं एलेनॉर रूझवेल्ट यांच्या अध्यक्षतेखालीं एक आयोग नेमला. १९४७ सालीं अमेरिकेंतील मानवशास्त्रज्ञांच्या संघटनेनें त्यास बजाविलें कीं, प्रत्येक समाजाचीं मूल्यें त्याच्याच संस्कृतींतून उपजतात. पाश्चात्यांचीं मूल्यें साऱ्या जगावर लादूं नयेत. वसाहतींचा इतिहास पाहतां हा इशारा पोकळ नव्हता.

मग आयोगानें काय केलें? मानवाचा विशेष म्हणून मसुद्यांत केवळ बुद्धीचा उल्लेख होता. चीनचे पी. सी. चँग यांनीं कन्फ्यूशियसच्या परंपरेंतील परस्परभावाची कल्पना मांडली, आणि बुद्धीच्या जोडीस सदसद्विवेक आला. 'सर्व पुरुष' असा अर्थ निघूं शकणाऱ्या शब्दांस भारताच्या हंसाबेन मेहता यांनीं हरकत घेतली. त्या जागीं 'सर्व मानव' आले.

१० डिसेंबर १९४८ रोजीं पॅरिस येथें ४८ राष्ट्रांनीं अनुकूल मत दिलें, विरुद्ध एकानेंही नाहीं; ८ राष्ट्रें तटस्थ राहिलीं. सौदी अरेबियास धर्म बदलण्याचा हक्क मान्य नव्हता; उलट पाकिस्तानचे झफरुल्ला खान यांनीं कुराणाचाच आधार देऊन त्याचें समर्थन केलें. एकाच धर्मपरंपरेंतून दोन उत्तरें निघालीं! दक्षिण आफ्रिकाही तटस्थ राहिली. तेथें गोऱ्यांचें वर्चस्व कायद्यानें पोसलें जात होतें. म्हणून 'आमची रीत निराळी' असें जो म्हणतो, तो त्या समाजांतील कोण, हें आधीं पाहिलें पाहिजे. रीतीचा भार ज्यांच्या माथ्यावर पडतो, त्यांस कोणीं विचारलें होतें काय?

पुढें १९९९ सालीं मानवशास्त्रज्ञांच्या त्याच संघटनेनें मानवी हक्कांचा पुरस्कार करणारें पत्रक काढलें.

तात्पर्य, सर्वांची नीति कोणा एका संस्कृतीकडून आयती मिळत नाहीं. अनेकांनीं एकत्र बसून, एकमेकांचे शब्द दुरुस्त करून ती घडवावी लागते. महाजालावरील व्यवहाराचे नियम ठरवितांनाही दुर्बळांस त्या बैठकींत जागा आहे कीं नाहीं, हाच पहिला प्रश्न असावा.