शकुंतला का आली?

मूर्तिजापुरात कुणालाही विचारा, शकुंतला गाडी का आली? उत्तर तयार असते : अमेरिकेत यादवी पेटली, मँचेस्टरच्या गिरण्यांना कापूस मिळेना, म्हणून इंग्रजांनी इथे रूळ टाकले. स्पर्धा परीक्षेच्या पोरांना विधान-कारणाचे प्रश्न शिकवताना मी हेच फळ्यावर लिहितो. विधान खरे, कारणही खरे, पण जोडी जुळत नाही.

यादवी 1861 ते 1865 ची. मुंबईहून निघालेली मोठी लाइन नागपूरला पोहोचली 1867 मध्ये. आणि शकुंतला जिची, ती सेंट्रल प्रोव्हिन्सेस रेल्वे कंपनी 1910 मधली. किलिक निक्सन तिचे एजंट. 45 वर्षांपूर्वी संपलेल्या लढाईसाठी भांडवल कोण घालील?

“मंग सर, लढाईतला कापूस गेला कसा?” एका पोरीने विचारले. बैलबंड्यांनी गेला, जिथे रूळ सापडतील तिथपर्यंत.

बरे, नुसता कापूस हेच कारण धरू. तेही पुरत नाही. खामगावला कापूसच होता, अमरावतीलाही. तिकडे जलंब आणि बडनेऱ्याहून 1870 च्या सुमारास फाटे गेले, ते रुंद रुळांचे; शकुंतला मात्र अरुंद रुळांची. कापूस दोन्हीकडे आहे, मग रुळांतला फरक कापसाने कसा उलगडणार? तो अंतरात आणि पैशात आहे. खामगावचा फाटा जेमतेम 13 किलोमीटरचा. शकुंतला यवतमाळकडे 113 आणि अचलपूरकडे 76. हंगामापुरत्या गठाणींवर एवढी लांबी पोसायची, तर अडीच फुटी रूळच परवडणार : लहान पूल, हलके डबे, कमी भराव.

लढाईला तिचा वाटा मी देतो. तिने भाव चढवले, पऱ्हाटीखालची जमीन वाढवली. पण सगळे तिच्यावर टाकले की पावसाळ्यात काळ्या मातीत आसापर्यंत रुतणारी बंडी, जिनवाला, अडत्या हे सारे गोष्टीतून गळतात, आणि तीच तर आपली माणसे. मला ते खरोखर सहन होत नाही.

आता उरले मूर्तिजापूरच का? पोरांना नकाशा काढायला लावतो. मोठ्या लाइनीवर मूर्तिजापूरपाशी बोट ठेवायचे. उत्तरेला दर्यापूर, अंजनगाव, अचलपूर. दक्षिणेला कारंजा, दारव्हा, यवतमाळ. दोन्हीकडचा माल एकाच यार्डात उतरवून मुंबईच्या गाडीत चढवायला याहून सोयीचे ठिकाण त्या नकाशावर मला तरी दिसत नाही.