चार दरवाजा, फोंडा घाट आणि मामांची खुर्ची

गेले तीन शनिवार मी एका एक्सेल शीटवर खपतोय. ऑफिसचं काम नाही. शीटचं नाव आहे 'मामा_ट्रिप_फायनल_३'. (फायनल १ आणि २ चं काय झालं ते पुढे येईलच.)

माझे मामा कोल्हापूरला असतात. एसटीत ड्रायव्हर होते. कोल्हापूर-मालवण गाडी वीसेक वर्षं त्यांनी फोंडा घाटातून खालीवर केली. रिटायर झाल्यावर घराच्या पत्र्यावर चढले होते, तिथून पडले. मणक्याला मार बसला आणि कमरेखालचं सगळं थांबलं. याला आता चार वर्षं झाली. दिवाळीत मी पुण्याहून गेलो तेव्हा सहज बोलून गेलो, "मामा, एकदा फिरायला जाऊया की. पन्हाळा, राधानगरी, जमलं तर खाली कोकणात." मामा थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले,

"जाऊया. पन हे बघ, गाडीत बसवताना हात दिलास तर चालंल. पायऱ्या आल्या आनि चार गडी बोलवून मला उचलायला लागलास, तर मी घरातच बरा हाय."

झालं! रिक्वायरमेंट एका वाक्यात मिळाली. उचलायचं नाही. आमच्या क्लायंटना इतकं स्पष्ट बोलता आलं असतं तर आयुष्य सोपं झालं असतं.

मी जरा जोर लावून बघितला. म्हटलं, "मामा, शिवाजी महाराजसुद्धा पन्हाळ्यावरून पालखीतूनच गेले ना?"

"व्हय. पन महाराजांस्नी उतरायचं हुतं तवा उतरता येत हुतं."

यावर काय बोलणार? मी लॅपटॉप उघडला.

आधी फायनल १ चं सांगतो. त्यात मालवणला एक मुक्काम होता. मी चार लॉजना फोन केले. "तळमजल्यावर खोली आहे का?" आहे. "पायऱ्या नाहीत ना?" नाहीत. "एकही नाही?" मग जरा थांबून, "तशा तीन आहेत, पण आमची पोरं उचलून घेतील." एका ठिकाणी सांगितलं, फळी लावू. आता बघा, खुर्चीसाठीच्या उताराचा रूढ नियम आहे १:१२. म्हणजे एक फूट चढायला बारा फूट लांबीचा उतार. सहा इंचांच्या तीन पायऱ्या म्हणजे दीड फूट, त्याला अठरा फुटांचा रॅम्प हवा. त्यांची फळी होती पाच फुटांची. उतार झाला साधारण १:३. त्याला रॅम्प म्हणत नाहीत, घसरगुंडी म्हणतात. बाथरूमच्या दाराची रुंदी मात्र कोणालाच सांगता आली नाही. मामांची खुर्ची सव्वीस इंच आहे. कॅथेटर दर चार-पाच तासांनी लागतो, त्यामुळे बाथरूम हा या ट्रिपमधला खरा टप्पा आहे, सनसेट पॉइंट नव्हे.

फायनल २ मध्ये मुक्काम काढला आणि मित्राची मोठी एसयूव्ही घेतली. ती रुबाबदार असली तरी सीट इतकं उंच की खुर्चीवरून सरकून जाणं अशक्य. मामा सुताराकडून गुळगुळीत करून घेतलेली एक सागवानी फळी खुर्ची आणि सीट यांच्यामध्ये ठेवतात आणि हातांच्या जोरावर सरकतात. त्यासाठी दोन्हीची उंची जवळपास सारखी हवी. शेवटी माझी जुनी वॅगन आर पास झाली. मुक्काम रोज घरीच. शनिवारी पन्हाळा, रविवारी राधानगरी-दाजीपूर करून फोंडा घाट उतरायचा आणि परत यायचं.

आता पन्हाळ्याकडे येऊ, कारण हा लेख खरं तर त्यावरच लिहायचा होता.

किल्ला म्हटलं की पायऱ्या आल्या. राजगड, रायगड, सिंहगड... आपल्या डोक्यात ट्रेकच असतो. पन्हाळा त्याला अपवाद. कोल्हापूरपासून वीसेक किलोमीटर, समुद्रसपाटीपासून तीन हजार फुटांच्या वर, आणि तरी गाडी थेट आत जाते. आत अख्खं गाव वसलंय. लहानपणापासून मी हे गृहीतच धरलं होतं. मामांच्या अटीमुळे पहिल्यांदा प्रश्न पडला की, का जाते? किल्ला तर कोणी आत येऊ नये म्हणून बांधतात!

जुन्या प्रवेशाचा नमुना आजही पश्चिमेच्या तीन दरवाजात बघायला मिळतो. एकामागे एक दरवाजे, मध्ये चौक, वरून मारा करायची सोय. पहिल्या दरवाजातून घुसलेला शत्रू चौकात अडकावा, हत्तीला धडक द्यायला धाव घेता येऊ नये, हा त्यामागचा हिशेब. आमच्या भाषेत टू-फॅक्टर ऑथेंटिकेशन. ही रचना किती चांगली होती याचा पुरावा म्हणजे १६६० चा वेढा. सिद्दी जौहर मार्चमध्ये येऊन बसला, जुलै उजाडला तरी त्याला आत येता आलं नाही. आणि महाराजांना बाहेर पडता येत नव्हतं. शेवटी पावसाळी रात्री दोन पालख्या निघाल्या. एकीत महाराज, दुसरीत त्यांच्यासारखा दिसणारा शिवा काशीद. शिवा काशीद पकडला गेला आणि मारला गेला. पहिली पालखी चिखलातून साठेक किलोमीटर विशाळगडाकडे धावली आणि मागे खिंडीत बाजीप्रभू उभे राहिले. आपण या गोष्टीत बाजीप्रभूंपाशी थांबतो, ते योग्यच आहे. पण यावेळी मी पालखीच्या भोयांपाशी अडकलो. अंधार, पाऊस, खांद्यावर दांडा. त्यांची नावंही आपल्याला माहीत नाहीत. त्या काळात न चालता डोंगर ओलांडायचा तर एकच तंत्रज्ञान होतं: दुसऱ्याचे खांदे. राजाला तेच, आजाऱ्याला तेच. फरक मामांनी सांगितलाच आहे.

मग दरवाजा उघडला कसा? तर १८४४ साली. कोल्हापूरच्या गादीवर तेव्हा अल्पवयीन राजा होता, कारभारात इंग्रजांचा हात शिरला होता आणि किल्ल्यांवर पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या गडकऱ्यांच्या हक्कांवर गदा आली होती. सामानगड, भुदरगड इथले गडकरी उठले. बंडवाल्यांनी साताऱ्याचा रेसिडेंट कर्नल ओव्हन्स याला दौऱ्यावर असतानाच धरलं आणि पन्हाळ्यावर कोंडलं. (रेसिडेंटला किल्ल्यावर डांबणं म्हणजे काय धाडस असेल!) त्यावर जनरल डेलामोटची फौज आली. १ डिसेंबर १८४४ रोजी तटाला खिंडार पाडून किल्ला घेतला आणि मग तटबंदी पाडायला सुरुवात केली. पूर्वेचा चार दरवाजा, म्हणजे किल्ल्याचा सर्वांत मोक्याचा दरवाजा, त्यातच गेला. आज थोडे अवशेष उरलेत. जवळच शिवा काशीदचा पुतळा आहे. आणि कोल्हापूरहून गाडी वर येते ती याच बाजूने.

म्हणजे मामांची खुर्ची पन्हाळ्यावर जाणार ती इंग्रजांनी सूड म्हणून पाडलेल्या दरवाजाच्या जागेवरून. हे कळल्यावर मला नक्की काय वाटलं ते अजून ठरवता आलेलं नाही. ज्यांनी तो दरवाजा लढवला त्यांच्याशी प्रामाणिक राहायचं तर वाईट वाटायला हवं. पण दरवाजा शाबूत असता तर मी आणि मामा बाहेर गाडीत बसून कणीस खाल्लं असतं.

२०२५ च्या जुलैत पन्हाळा युनेस्कोच्या यादीत गेला. मराठ्यांच्या लष्करी स्थापत्याचे जे बारा किल्ले निवडले, त्यात तो आहे. मी गेल्या शनिवारी एकटा जाऊन टेप घेऊन फिरलो (लोकांना वाटलं पालिकेचा माणूस आहे). निष्कर्ष: अंबरखान्यापर्यंत जमतंय. गंगा कोठीची ती प्रचंड भिंत खुर्चीतून उलट जास्तच प्रचंड दिसेल. सज्जा कोठी बाहेरून, कारण आत जिने. अंधारबाव नाहीच, ती विहीरच पायऱ्यांची. तीन दरवाजा अर्धा, कारण खालची दगडी फरशी उंचसखल आहे. शीटमध्ये हिरवा, लाल, लाल, पिवळा.

आता रविवारचा रस्ता. इथे मला एक मजेशीर गोष्ट सापडली. डोंगरातल्या रस्त्याला किती चढ द्यायचा याचं इंडियन रोड्स काँग्रेसचं मानक आहे: नेहमीचा ५ टक्के म्हणजे १:२०, अगदी नाइलाज झाला तर ७ टक्के. आणि खुर्चीच्या रॅम्पचा १:१२ म्हणजे ८.३३ टक्के. म्हणजे मानकाप्रमाणे बांधलेला घाट लॉजच्या रॅम्पपेक्षा सौम्य! घाटातून खुर्ची ढकलत नेणार नाहीये, पण मुद्दा लक्षात घ्या. घाटरस्त्यांची आखणी सुरू झाली ती भरलेली बैलगाडी चढावी म्हणून. आंबोलीचा रस्ता वेंगुर्ल्याच्या बंदरातून बेळगावच्या छावणीला माल पोचवायला इंग्रजांनी वापरला. बैलाला पायऱ्या चढवता येत नाहीत हे सगळ्यांना कळत होतं, म्हणून अख्खा सह्याद्री वळणावळणाने कापला. लॉजच्या दारातल्या तीन पायऱ्यांसाठी मात्र आपल्याला 'पोरं' आठवतात.

राधानगरीचं धरण रस्त्यावरून दिसतं, तिथे खुर्ची उतरवायचीसुद्धा गरज नाही. शाहू महाराजांनी ते विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हाती घेतलं, गावाला मुलीचं, राधाबाईंचं नाव दिलं. पूर्ण व्हायला मात्र स्वातंत्र्यानंतरचा काळ उजाडला. त्याचे स्वयंचलित दरवाजे पाणी ठरावीक पातळीला आलं की आपोआप उघडतात. ऑपरेटर नाही, सर्व्हर नाही. पुढे दाजीपूर, गव्यांचं जंगल, १९५८ पासून अभयारण्य. आणि मग घाट.

गाडीच्या डिकीत जी खुर्ची असेल तिचाही इतिहास वाचला, कारण ती घडी घालायला मला नेहमी बोटं चेमटवून घ्यावी लागतात. हर्बर्ट एव्हरेस्ट हा अमेरिकन खाण-इंजिनिअर. १९१८ साली खाणीतल्या अपघातात त्याची पाठ मोडली. त्या काळच्या खुर्च्या अवजड, गाडीत न मावणाऱ्या. त्याने हॅरी जेनिंग्ज या मेकॅनिकल इंजिनिअर मित्राला सोबत घेऊन १९३० च्या दशकात पोलादी नळ्यांची, खाली फुलीसारखा सांधा असलेली घडीची खुर्ची केली. उद्देश सरळ होता, खुर्ची मोटारीत मावली पाहिजे. मामांच्या खुर्चीखाली तीच फुली आहे.

आणि कोल्हापुरात? इथे मला बाबूकाका दिवाण भेटले, म्हणजे वाचनात. नसीमा हुरजूक यांचं 'चाकाची खुर्ची' हे आत्मकथन मी घरात लहानपणापासून बघत होतो, वाचलं आत्ता. नसीमादीदींचे पाय किशोरवयातच गेले. त्या खचलेल्या असताना त्यांची गाठ बाबूकाकांशी पडली. ते स्वतः पॅराप्लेजिक, उद्योजक, खेळाडू, आणि हातांनी चालवता येईल अशी करून घेतलेली मोटार स्वतः चालवणारे. दीदींनी पुढे केंद्रीय अबकारी खात्यात नोकरी केली, १९८४ साली 'हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड' सुरू केली, उचगावला वसतिगृह उभं केलं, आणि घाटाखाली कुडाळ तालुक्यात काजू प्रक्रियेचा उद्योग काढला, जिथे अपंग माणसं काम करतात. म्हणजे कोल्हापूर ते कोकण हा माझ्या शीटमधला रस्ता खुर्चीतल्या माणसांनी केव्हाच कामासाठी वापरात आणलाय. मी उगाच शोध लावल्यासारखा मिरवत होतो.

कायद्याने जरा उशीर केला. अपंगांसाठीचा पहिला मोठा कायदा १९९५ चा, मग २०१६ चा. मोटार वाहन कायद्यात तर अशा गाडीला २०१९ च्या दुरुस्तीपर्यंत 'इन्व्हॅलिड कॅरेज' म्हणत, त्यानंतर 'अडॅप्टेड व्हेइकल'. एसटी अपंगांना भाड्यात ७५ टक्के सवलत देते, आणि साध्या लाल गाडीच्या दारात त्या उंच पायऱ्या आहेतच. हे मामांना म्हटलं तर ते हसले. वीस वर्षं त्या दाराच्या पुढेच बसत होते ते.

काल रात्री शीट दाखवायला व्हिडिओ कॉल केला. पन्हाळ्याचे रंग समजावले. राधानगरीला किती वाजता, दाजीपूरला उशी बदलायला थांबा, कॅथेटरच्या वेळा, सगळं. मामा ऐकत होते. फोंड्यापाशी त्यांनी मला थांबवलं. मी घाट चाळीस मिनिटांत धरला होता. "हितं तू पळणार नाहीस. मी सांगीन तितं थांबायचं," म्हणाले. मी तो कॉलम रिकामा केला.

मग बाबूकाकांच्या मोटारीचं सांगितलं. ब्रेक आणि अ‍ॅक्सिलरेटर हाताने, असं. मामा कॅमेऱ्याजवळ सरकले.

"आनि क्लच?"

म्हटलं, आता क्लच नसलेल्या गाड्या मिळतात मामा.

"बिनक्लचची गाडी घाट चढती व्हय?" मग थोड्या वेळाने, मामींना ऐकू जाणार नाही अशा आवाजात, "त्याचं लायसन काढाय काय काय लागतंय, बघून ठेव जरा."

शीटमध्ये नवीन टॅब उघडलाय. सोमवारी आरटीओला फोन करायचाय.