दहा पंधराची गाडी

'डबल इन्डेम्निटी' (1944). जेम्स एम. केनची कादंबरी, बिली वाइल्डरचं दिग्दर्शन, पटकथेला वाइल्डरच्या जोडीला रेमंड चँडलर. स्थळ लॉस एंजेलिस, साल 1938. खुनी कोण ते फोडलं म्हणून रागावू नका. विमा एजंट वॉल्टर नेफ पहिल्या काही मिनिटांतच डिक्टाफोनवर कबुली देऊन मोकळा होतो. पाहायचं ते इतका चोख बेत कुठे फसतो.

खुनाच्या आधीचे काही आठवडे. मोटारीच्या विम्याचा कागद समजून नेफचा गिऱ्हाईक डीट्रिकसन न वाचताच सही करतो. ती असते 50,000 डॉलरच्या अपघात विम्यावर. रेल्वेत मेला तर रक्कम दुप्पट. पुढे त्याचा पाय मोडतो, बेत लांबतो. पण बेतात नेफला सामील असलेली त्याची बायको फिलिस त्याला कुबड्या घेऊन का होईना, रेल्वेनंच जायला लावते.

खुनाची संध्याकाळ. नेफ गॅरेजवाल्या चार्लीला गाडी धुवायला सांगतो, नोंद राहावी म्हणून सहकाऱ्याला फोन लावतो. फोनच्या आणि दाराच्या घंटीत कार्ड खोचतो: मागे कुणी वाजवलीच तर कार्ड जागेवर राहणार नाही. डीट्रिकसनसारखा निळा सूट चढवतो आणि मागच्या जिन्यानं बाहेर पडतो.

10:15 च्या आधी. नेफ मोटारीत मागे दडलेला, नवरा पुढे, चाकावर फिलिस. अंधाऱ्या रस्त्यावर ती तीनदा हॉर्न वाजवते. खून पडद्यावर दिसत नाही. कॅमेरा फिलिस झालेल्या बार्बरा स्टॅनविकच्या चेहऱ्यावरून हलतच नाही, आणि तो चेहराही फारसा हलत नाही. रक्त दाखवून एवढी भीती वाटली नसती.

10:15, ग्लेंडेल स्टेशन. कुबड्यांवरचा 'डीट्रिकसन' गाडीत चढतो. शेवटच्या डब्याच्या सज्जात जॅक्सन नावाचा बोलका प्रवासी भेटतो. नेफ त्याला सिगार आणायला पिटाळतो आणि उडी मारतो.

त्यानंतर काही मिनिटं. प्रेत रुळांवर, कुबड्या शेजारी. दोघं मोटारीत बसतात. स्टार्टर कुरकुरतो, इंजिन चालू होत नाही. पुन्हा कुरकुर. एकमेकांकडे बघणं. शेवटी नेफ हात पुढे करून किल्ली फिरवतो. गंमत अशी, की इथे आपणही 'हो बाबा चालू' म्हणत खुन्यांच्या बाजूला जाऊन बसलेलो असतो.

उशिरा रात्री. दोन्ही कार्डं जागच्या जागी. त्या रात्री एकही चूक झालेली नाही.

पुढे एका रात्री, नेफचं घर. दावे तपासणारा बार्टन कीज (एडवर्ड जी. रॉबिन्सन) अस्वस्थ होऊन येतो. अपघात विमा असलेल्या माणसानं पाय मोडल्यावर दावा का केला नाही? पॉलिसीचं त्याला माहीतच नसेल? छे, ते शक्य नाही, असं कीज स्वतःच म्हणतो. कारण पॉलिसी त्याच्या हातात नेफनं दिली होती, आणि ऑफिसात कीजचा सगळ्यात जास्त विश्वास नेफवरच होता.