वहीतलं 'पोर'



गुडीहत्नूरच्या आठवणी म्हटलं की आपण केसलापूरची नागोबाची जत्रा लिहितो, पोळा लिहितो, आदिलाबादच्या बाजाराकडे रात्रभर चाललेल्या कापसाच्या गाड्या लिहितो. मीही लिहिलंय. आज जे लिहितोय ते आपल्या घरांत सहसा कोणी बोलत नाही. पण मी आता सत्तरीकडे झुकलोय. आता नाही लिहिलं तर राहून जाईल.

मागच्या दिवाळीला जुनं घर आवरताना आजोबांची हिशोबाची वही सापडली. लाल कापडी बांधणीची. १९६६ सालच्या पाडव्याच्या पानावर एका माणसाच्या नावे दीडशे रुपये रोकड लिहिलेली आहे, मुलीच्या लग्नासाठी. त्याखाली आजोबांच्याच अक्षरात एक ओळ आहे: 'पोर गुरांकडे ठेवला.' पुढच्या दहा वर्षांत त्याच पानावर ज्वारी, दोन जोड कापड, एक घोंगडी, आणखी थोडी उचल अशा नोंदी आहेत. त्या पोराचं नाव दहा वर्षांत एकदाही लिहिलेलं नाही.

तो वेशीबाहेरच्या वस्तीतला, माझ्याच वयाचा. आम्ही दोघेही तेव्हा आठ वर्षांचे. पाडवा ते पाडवा सालगडी ठेवायची रीत आपल्याला माहीत आहेच. मोठ्या गड्याच्या सालाबरोबर लहान पोरगं गुरांमागे येणं हेही कोणाला वावगं वाटायचं नाही. तो गोठ्यात झोपायचा. त्याची जर्मनची ताटली गोठ्याच्या कोनाड्यात वेगळी ठेवलेली असायची. आजी म्हणायची, "त्याच्या घरी तरी काय होतं रे? इथं दोन टाईम भाकर तरी भेटते." आमच्या घरात या व्यवहाराला 'सांभाळणं' म्हणत.

याला आपल्या भागात फार जुनं नाव होतं. निजामाच्या हैदराबाद संस्थानात कर्जापायी राबणाऱ्याला 'भगेला' म्हणत. बापाचं देणं फिटलं नाही की मुलगा त्याच घरी राबायचा. १९४० मध्ये जोडेघाटला कोमुराम भीम मारले गेले. त्यानंतर निजाम सरकारने हायमेनडॉर्फ या अभ्यासकाला गोंडांची परिस्थिती पाहायला आपल्या डोंगरांत पाठवलं. त्यांच्या पुढाकाराने १९४३ मध्ये मारलवाईला गोंड शिक्षक तयार करायचं केंद्र निघालं. तिथली पहिली पुस्तकं गोंडी भाषेत पण देवनागरी लिपीत होती. त्याच साली भगेला करारांवर बंधन घालणारा कायदाही संस्थानात झाला. म्हणजे आमच्या वहीतली ती ओळ लिहिली जाण्याच्या तेवीस वर्षं आधी आपल्याच डोंगरात गोंडांच्या मुलांसाठी शाळेची सोय सुरू झाली होती आणि अशा करारांविरुद्ध कायदाही कागदावर आला होता. पुढे राज्यघटना आली. चौदा वर्षांपर्यंतच्या सगळ्या मुलांना दहा वर्षांत, म्हणजे १९६० पर्यंत, मोफत आणि सक्तीचं शिक्षण द्यायचा प्रयत्न करावा असं तिच्यात लिहिलं होतं. आमच्या गोठ्यापर्यंत त्यातलं काहीच आलं नाही.

आता कानाची गोष्ट सांगतो.

तिसरीत असेन. पावसाळ्यात आम्ही दोघे ओढ्यात डुंबायचो, म्हणजे मी शाळा सुटल्यावर आणि तो गुरं पाण्यावर आणल्यावर. एकाच आठवड्यात दोघांचेही कान फुटले. मला बाबांनी आरटीसीच्या बसने आदिलाबादच्या डॉक्टरकडे नेलं. इंजेक्शनं झाली, औषध घातलं, पंधरा दिवसांत कान बरा. त्याच्या कानात आजीने लसणाचं तेल सोडलं. आजी दुष्ट नव्हती, तेल कोमट आहे ना हे तिने बोटावर पाहिलं होतं. पण त्यालाही बसमध्ये घालावं हे घरात कोणाच्याच मनात आलं नाही. माझ्याही नाही.

त्याचा कान वर्षभर वाहत राहिला. मग ऐकू येईना. आजोबा ओसरीवरून हाक मारत, तो वळत नसे. दोन-तीन हाकांनंतर काठी बसायची. "मुद्दाम करतो," असं म्हणायचे. पुढे पुढे तो हाक येण्याआधीच अंग चोरायचा, आणि मग सगळे म्हणायला लागले की पोरगं बिनअकलेचं आहे. सगळं माझ्यासमोर झालं. त्याला ऐकू येत नाही हे मला ठाऊक होतं, कारण रानात मला त्याच्या उजव्या बाजूला जाऊन बोलावं लागे. मी घरात ते कधी सांगितलं नाही. आजोबांची भीती होती हे खरं. पण सांगण्यासारखं काही आहे असंही मला वाटलं नव्हतं, हे जास्त खरं आहे.

१९७६ साली वेठबिगारी रद्द करणारा केंद्राचा कायदा आला, वेठीची कर्जं कायद्याने बुडाली. त्या पाडव्याला आजोबांनी त्या पानावर आडवी रेघ मारली. तो अठरा वर्षांचा होता, मी कॉलेजात होतो. १९८६ चा बालकामगार कायदा झाला तोही ठराविक धोक्याच्या कामांपुरता. शेत आणि गुरं बहुतेक बाहेरच राहिली. शाळेत नसलेलं प्रत्येक मूल बालमजूरच धरायचं, हे आपल्या राज्यात ठामपणे मांडलं ते शांता सिन्हा आणि त्यांच्या एम. व्ही. फाउंडेशनने, रंगारेड्डी जिल्ह्यात, १९९१ पासून. त्यांनी सालावरची मुलं सोडवून शिबिरांत आणली आणि तिथून शाळेत घातली. गरिबाला पोराची मजुरी लागतेच, हा आपला लाडका समज त्यांनी हजारो घरांत खोटा पाडला.

आणि हे फक्त गोठ्यातल्या मुलांचं नाही. २००७ मध्ये केंद्र सरकारने तेरा राज्यांतल्या १२,४४७ मुलांशी बोलून एक अहवाल काढला. त्यात आंध्र होता, महाराष्ट्रही होता. दर तीन मुलांतल्या दोघांनी मार खाल्ल्याचं सांगितलं. अमेरिकेत १९९८ मध्ये सुमारे साडेनऊ हजार माणसांची पाहणी प्रसिद्ध झाली. लहानपणी मार, हेळसांड, घरातली भीती जितकी जास्त, तितका मोठेपणी हृदयविकार, व्यसन आणि नैराश्याचा धोका जास्त, असं तिच्यात दिसलं. हे वाचलं तेव्हा मला तो कान आठवला.

दोन महिन्यांपूर्वी वही घेऊन त्याच्याकडे गेलो. उटनूर रस्त्याला घर आहे. मला पाहून तो उठून उभा राहिला. बसा म्हटलं तर दाराशी खाली बसला. मी त्याच्या उजव्या बाजूला जाऊन बसलो. तो हसला, म्हणाला, "तुमाले याद हाय?" नात दहावीला आहे, गुरुकुलात. तिने वही वाचून दाखवली. कानाबद्दल मी माफी मागितली, तर तो म्हणाला, "पटेलाचं काय चुकलं? म्याच बिनअकलेचा होतो, कामात ध्यान नव्हतं."

मंडळी, इतिहास म्हणून मला एवढंच सांगायचं आहे. कर्ज कायद्याने बुडालं, रेघ मारून झाली, पन्नास वर्षं उलटली. पण आठ वर्षांच्या पोराला आम्ही जे ऐकवलं ते त्याने आजही खरं धरलंय. नात मात्र गप्प बसली नाही. "आबा, तुम्हाला ऐकू येत नव्हतं," असं ती त्याच्या चांगल्या कानाशी जाऊन मोठ्याने म्हणाली. तो काही बोलला नाही, बराच वेळ तिच्याकडे बघत राहिला.

त्याचं नाव इथे देत नाही, त्याने नको म्हटलं. वहीत मात्र नातीने स्वतःच्या हाताने ते लिहिलंय, 'पोर' या शब्दाच्या शेजारी.

तुमच्या घरांतही अशा वह्या असतील. रद्दीत घालण्याआधी एकदा उघडून बघा. आणि 'आम्ही सांभाळलं' असं मुलांना सांगत असाल, तर कोनाड्यातल्या ताटलीचंही सांगा. आज शेजारी, हॉटेलात, वीटभट्टीवर असं मूल दिसलं तर १०९८ ला फोन करा. मी आठ वर्षांचा असताना गप्प राहिलो. तुम्ही मोठे आहात.

चूकभूल द्यावी घ्यावी.