अभिरंजन, तंत्रिका ऊतकाचे

मेंदू, मेरुरज्जू व तंत्रिका यांचे पातळ छेद रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्याची तंत्रे. ताजा मेंदू इतका मऊ असतो की त्याचा छेद धड निघत नाही, म्हणून तो आधी १०% फॉर्मॅलिनमध्ये ठेवतात. अख्खा मेंदू घट्ट व्हायला दोन-तीन आठवडे लागतात. त्यात घाई केली की पुढचे सारे रंगकाम वाया जाते.

कामिल्लो गॉल्जी यांनी १८७३ मध्ये पोटॅशियम डायक्रोमेट व सिल्व्हर नायट्रेट वापरून ‘काळी विक्रिया’ साधली. तीत शेकडा मोजक्याच कोशिका रंगतात, पण रंगतात त्या शाखांसह पूर्ण. त्याच का, हे अजून उलगडलेले नाही. स्पेनचे ऊतकविज्ञ काहाल यांनी याच पद्धतीने गॉल्जींच्या जालसिद्धांताला (तंत्रिका कोशिकांचे एकच सलग जाळे असते, या मताला) छेद दिला. १९०६ चे नोबेल पारितोषिक दोघांना विभागून मिळाले.

कोशिकाकायेसाठी निस्सल पद्धत (आता बहुधा क्रेसिल व्हायोलेट), मायलिनासाठी लक्सॉल फास्ट ब्लू (१९५३).

महाराष्ट्रात या तंत्रांचे खरे चीज मेंदूपेक्षा हातापायांच्या तंत्रिकांवर झाले, कारण कुष्ठरोग. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयातील विकृतिविज्ञ वसंत रामजी खानोलकर (१८९५–१९७८) यांचा आरंभीच्या विकृतींच्या ऊतकरचनेवरील अभ्यास १९५१ मध्ये प्रसिद्ध झाला. जंतू त्वचेतील सूक्ष्म तंत्रिकाग्रांत शिरून अक्षतंतूंतून वर सरकतात, असे त्यांचे प्रतिपादन. पुढे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली जंतू प्रामुख्याने अक्षतंतूंना वेढणाऱ्या श्वान कोशिकांत आढळले. अक्षतंतूंतील वाटचालीबद्दल मतभेद आहेत. ग्रँट वैद्यकीय महाविद्यालय व जे. जे. रुग्णालयातील दाराब दस्तूर यांनी कुष्ठरोगी तंत्रिकांवर दीर्घकाळ काम केले.

कुष्ठजंतू नेहमीच्या झील–नेल्सन पद्धतीत नीट रंग धरत नाहीत. छेद कापण्यासाठी ऊतकात भरलेले मेण काढताना झायलीन त्यांचे मेदयुक्त आवरण दुबळे करते. फाइट पद्धतीत म्हणून झायलीनमध्ये शेंगदाण्याचे तेल मिसळतात. खानदेशात फोडणीला पडते तेच तेल इथे आवरण सांभाळते. मग कार्बोल फुक्सिन, सौम्य सल्फ्यूरिक आम्ल व शेवटी मिथिलीन ब्लू: निळ्या पार्श्वभूमीवर तांबडे दंडाणू दिसतात. आम्लाचा हात जड झाला तर दंडाणूंचाही रंग उतरतो आणि रोगी तंत्रिका निरोगी भासते.

मेंदूच्या अलर्क रोगातही (रेबीज) अभिरंजन उपयोगी पडले : सेलर अभिरंजनात तंत्रिका कोशिकांतील नेग्री पिंड, म्हणजे या रोगाची खूण, किरमिजी दिसतात. निदानासाठी आता प्रतिदीप्त प्रतिपिंड चाचणी वापरतात.