एकच पेला, दोन निकाल

एजवेअरला आमच्याकडे शनिवारी सात-आठ जण जेवायला होते. येताना कुणीतरी मर्लोची बाटली आणली होती. मागच्या लेबलवर लिहिलं होतं: प्लम, चॉकलेट, मखमली. पुण्याहून आलेल्या मावशींनी जेमतेम एक घोट घेतला, जीभ टाळ्याला लावली आणि म्हणाल्या, "जांभूळ खाल्ल्यासारखं झालं गं. तुरट आहे." आमच्यातला एक जण सध्या वाइनचा कोर्स करतोय. तो हसून म्हणाला, "मावशी, तुरट नाही, टॅनिन म्हणायचं. आणि जांभूळ नाही, प्लम." मावशी काही बोलल्या नाहीत. पेला बाजूला ठेवून आमटी वाढायला उठल्या.

त्यांचं ते गप्प होणं मला लागलं. चव कुणी सांगायची, आणि कुणाच्या शब्दांत? याच प्रश्नावरून २००४ मध्ये वाइनच्या जगातले दोन सगळ्यात वजनदार समीक्षक जाहीरपणे भांडले होते, आणि तेही मर्लोच्याच वाइनवरून. आज ती गोष्ट सांगते.

फ्रान्समध्ये बोर्दोजवळ सेंट एमिलियन नावाचं गाव आहे. तिथल्या चुनखडीच्या उतारांवर शातो पाव्ही हा जुना मळा आहे. सुपरमार्केटच्या धंद्यात पैसा कमावलेल्या जेरार पेर्स यांनी तो १९९८ मध्ये विकत घेतला. त्यांनी वेलीवर कमी घड ठेवायला सुरुवात केली, द्राक्षं उशिरा, पूर्ण पिकल्यावर तोडायची ठरवली, नव्या ओकच्या पिंपांवर भर दिला. वाइन जास्त दाट, जास्त काळपट, जास्त भारी झाली. काहींना वाटलं, झोपलेला मळा जागा झाला. काहींना वाटलं, पाव्हीचा चेहराच पुसला गेला.

त्यात आला २००३ चा उन्हाळा. इंग्लंडमध्ये १० ऑगस्टला केंटमधल्या फॅवर्शमला ३८.५ अंश तापमान नोंदलं गेलं, तेव्हाचा इथला उच्चांक. फ्रान्समध्ये त्या लाटेत सुमारे १५ हजार माणसं दगावली. द्राक्षांचं काय झालं असेल, कल्पना करा. मर्लो मुळातच लवकर पिकणारी जात. कडक उन्हात साखर भराभर वाढते, आंबटपणा उतरतो. पण उष्णता हाताबाहेर गेली की वेल पानांची रंध्रं मिटून घेतो आणि त्याचं काम मंदावतं. मग गर गोड होतो, पण साल आणि बी पुरती पिकत नाहीत. घाईने पिकवलेला आंबा बाहेरून पिवळाधमक असतो आणि कोयीजवळ आंबट लागतो, तसंच काहीसं.

बोर्दोची एक विचित्र रीत आहे. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये तोडलेल्या द्राक्षांची वाइन पुढच्या वसंतातच समीक्षकांना चाखवतात, पिंपातून काढून. बाटलीत ती आणखी वर्ष-दीड वर्षाने जाते, प्यायला योग्य व्हायला दहा-वीस वर्षं लागतात. तरी गुण दिले जातात, त्यानंतर मळेवाले भाव जाहीर करतात आणि गिऱ्हाईक बाटली बघण्याआधीच पैसे मोजतं. मुलाचे पाय पाळण्यात दिसतात, या म्हणीवर एक अख्खा बाजार चालतो.

२००४ च्या वसंतात पाव्ही २००३ अशीच पाळण्यात होती. त्यात सुमारे ७० टक्के मर्लो, बाकी काबर्ने फ्रां आणि काबर्ने सोव्हिन्यों. अमेरिकेच्या रॉबर्ट पार्कर यांनी तिला १०० गुणांच्या मोजपट्टीवर अगदी वरच्या पट्ट्यात बसवलं. त्यांना त्यात समृद्धी दिसली, चुनखडीच्या जमिनीची खनिज चव दिसली, रेखीवपणा दिसला. लंडनच्या जॅन्सिस रॉबिन्सन यांनी २० पैकी १२ दिले. आपल्याकडे ६० टक्के म्हणजे फर्स्ट क्लास. त्यांच्या मोजपट्टीवर १२ म्हणजे सदोष किंवा तोल गेलेली वाइन. त्यांच्या मते ती बोर्दोपेक्षा उशिरा तोडलेल्या कॅलिफोर्नियाच्या झिनफँडेलसारखी होती, आणि एवढं पिकूनही तिला एक कच्चा, हिरवट वास होता. क्लाइव्ह कोट्स या ब्रिटिश समीक्षकांनी तर कळस केला: ही वाइन ज्यांना आवडते त्यांनी मेंदू आणि जीभ दोन्ही बदलून घ्यावेत, अशा अर्थाचं ते बोलले.

पार्कर चिडले. आपण चाखलेली वाइन रॉबिन्सन यांच्या वर्णनासारखी मुळीच नाही, असं त्यांनी लिहिलं. पेर्स यांच्या वाइनबद्दल त्यांच्या मनात आधीपासून अढी आहे, असा सूरही लावला. पण रॉबिन्सन यांनी ती लेबल झाकून चाखली होती. त्यांचं म्हणणं साधं होतं: मला माझं मत असू नये का? आपली मतं जुळत नाहीत एवढं मान्य करून पुढे का जाता येऊ नये?

वर्तमानपत्रांनी याची 'अमेरिका विरुद्ध ब्रिटन' अशी कुस्ती लावली. त्यात थोडं तथ्य आहे, पण ते समजायला मागे जावं लागतं.

११५२ मध्ये अॅक्विटेनच्या एलिनॉरने हेन्रीशी लग्न केलं. दोन वर्षांनी तो इंग्लंडचा राजा झाला आणि बोर्दोचा प्रदेश इंग्लिश राजांकडे आला. १४५३ मध्ये कास्तियोंच्या लढाईत तो हातचा गेला. ते रणांगण सेंट एमिलियनपासून काही मैलांवर आहे. राज्य गेलं, चटक राहिली. बोर्दोच्या तांबड्या वाइनला इंग्रज आजही 'क्लॅरेट' म्हणतात. तळघरात वर्षानुवर्षं ठेवायची आणि जेवणासोबत प्यायची अशी ती वाइन. तिच्यात ताजेपणा हवा, संयम हवा, दुसरा पेला घ्यावासा वाटेल इतका आंबटपणा हवा. ही मोजपट्टी लंडनमध्ये शतकानुशतकं घासून तयार झाली होती.

पार्कर मेरीलँडचे वकील. १९७८ मध्ये त्यांनी जाहिराती न घेता स्वतःचं पत्र सुरू केलं. ग्राहकहक्कांसाठी लढणारे राल्फ नेडर हा त्यांचा आदर्श. वाइनबद्दल लिहिणारे पुष्कळ जण वाइनच्या धंद्यातच गुंतलेले असतात, मग गिऱ्हाइकाची बाजू कोण घेणार, हा त्यांचा सवाल होता. (गंमत अशी की रॉबिन्सन स्वतः धंद्याबाहेरून आलेल्या. १९८४ मध्ये 'मास्टर ऑफ वाइन' झालेल्या, धंद्यात नसलेल्या त्या पहिल्या व्यक्ती.) १९८२ ची बोर्दो कोवळी असताना अनेक जाणकार म्हणाले, फार पिकलेली आहे, टिकणार नाही. पार्कर म्हणाले, महान आहे. ती टिकली, आणि पार्कर यांचा शब्द म्हणजे बाजारभाव झाला.

म्हणजे २००४ मध्ये दोघंही फक्त पेल्याकडे पाहत नव्हते. पार्कर यांच्या पाठीशी १९८२ होतं: पिकलेपणाला घाबरणारे एकदा चुकले होते. रॉबिन्सन यांच्या पाठीशी क्लॅरेटची कल्पना होती: बोर्दोने बोर्दोसारखं लागावं. दोघांची वर्णनं शेजारी ठेवली, तर दोघांनाही दाट, भारी, भरपूर पिकलेली वाइन लागली होती. फाटा फुटला तो त्याला काय म्हणायचं यावर. एकाला ते वैभव वाटलं, दुसरीला अतिरेक. आकड्याने मात्र वर्णन आणि निकाल एकत्र मळून टाकले. नुसता आकडा वाचणाऱ्याला वाइन कशी आहे ते कळत नाही, परीक्षकाला काय हवं होतं ते कळतं.

पुढे काय झालं? २०१२ मध्ये सेंट एमिलियनच्या वर्गवारीत पाव्हीला सगळ्यात वरचा दर्जा मिळाला. २०१९ मध्ये पार्कर निवृत्त झाले. त्यांच्या निवृत्तीपर्यंत बोर्दोमधल्या पुष्कळ जणांना जास्त ताजी, हलकी वाइन हवीशी वाटू लागली होती. निकाल लागला असं कुणीच म्हणू शकत नाही. पण २००३ सारखे उन्हाळे आता अपवाद राहिले नाहीत, त्यामुळे तो वाद जुनाही झालेला नाही.

आणि इथे तो आपल्या अंगणात येतो. पाव्हीचे सल्लागार मिशेल रोलाँ हे पिकलेल्या, मऊ, दाट वाइनसाठी प्रसिद्ध. तेच कर्नाटकातल्या नंदी टेकड्यांजवळच्या ग्रोव्हर कंपनीचेही सल्लागार होते. ही कंपनी २०१२ मध्ये नाशिकच्या एका वाइनरीशी एकत्र आली आणि ग्रोव्हर झांपा झाली. नाशिक साधारण २० अंश उत्तर अक्षांशावर आहे. वाइनची द्राक्षं ३० ते ५० अंशांच्या पट्ट्यात होतात, असं जुनी पुस्तकं सांगत. आपले शेतकरी एप्रिलच्या सुमाराला खरड छाटणी करतात, पावसाळा संपताना फळछाटणी करतात आणि तोडणी जानेवारी ते मार्चमध्ये, उन्हाळा पेटण्याआधी उरकतात. बोर्दोला २००३ मध्ये जी उष्णता आपत्ती म्हणून आली, तिच्याशी जुळवून घेणं हे नाशिकचं नेहमीचं काम आहे. त्या वाइनला 'फार पिकलेली' म्हणताना मोजपट्टी कुठली, हे विचारायला हवं. ती खरंच बेताल असेल तर बेताल म्हणावी. क्लॅरेटसारखी नाही म्हणून मात्र नव्हे.

आता मावशींच्या 'तुरट'कडे येऊ. टॅनिन हा पदार्थ आहे. तो लाळेतल्या प्रथिनांना चिकटतो आणि तोंड कोरडं, आखडल्यासारखं होतं. त्या अनुभवाचं नाव तुरट. इंग्रजी पाठ्यपुस्तकं त्याला चव न मानता स्पर्श मानतात. आपल्या षड्रसांत त्याला गोड-आंबटाच्या पंगतीत स्वतःचं पान आहे. म्हणजे मावशी चुकल्या नव्हत्या. कोर्समधला मित्र पदार्थाचं नाव सांगत होता, त्या चवीचं. आणि प्लम का जांभूळ, हे ज्याच्या त्याच्या लहानपणी अंगणात कुठलं झाड होतं त्यावर आहे.

परवा फोनवर मी त्यांना म्हटलं, "मावशी, तुम्हाला ती वाइन आवडली नाही ना?"

"कोण म्हणालं?" त्या म्हणाल्या. "मी तुरट म्हणाले. वाईट कुठे म्हणाले? जांभळं मला फार आवडतात."

त्या दिवशी टेबलावर आम्ही सात-आठ जण होतो. हे कुणीच विचारलं नव्हतं.