चालीचे ऋण

एकाच सुरावटीवर अनेकांनी आपापले शब्द चढवून गावे, या प्रथेस पुष्कळदा निव्वळ अनुकरण म्हणून कमी लेखले जाते. मराठी संगीत नाटकाचा इतिहास पाहता हे मत टिकण्यासारखे नाही.

३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यास अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘संगीत शाकुंतला’चा पहिला प्रयोग झाला. त्यातील साकी, दिंडी, अंजनीगीत हे साचे कीर्तनातून श्रोत्यांच्या कानी आधीच रुळलेले होते; किर्लोस्करांनी कानडी चालीही घेतल्या. श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांनी ‘वीरतनय’ (१८९६) नाटकात पारशी-उर्दू रंगभूमीच्या चाली आणल्या. पुढे ‘स्वयंवर’ (१९१६) नाटकातील पदांना भास्करबुवा बखले यांनी ख्यालाच्या बंदिशींचा आधार दिला. उसनवारी चालूच राहिली. बदलले ते घेण्याचे ठिकाण.

नाटकाच्या छापील पुस्तकांत पदाच्या शिरोभागी ‘चाल’ असे लिहून मूळ गीताचे आरंभीचे शब्द देण्याचा प्रघात पडला. स्वरलेखन न जाणणाऱ्या नटास त्यावरून पद बसविता येई. अभ्यासकाच्या दृष्टीने मात्र ती ओळ म्हणजे ऋणाची कबुली होय. नव्या आवृत्तीत ती गाळणे म्हणजे पुरावा नष्ट करणे होय.

जमैकातील रेगे संगीताशी तुलना केल्यास या ओळीचे मोल अधिक स्पष्ट होते. १९६७ च्या सुमारास क्लेमंट डॉड यांच्या ‘स्टुडिओ वन’मध्ये ‘साउंड डायमेन्शन’ या वादकसमूहाने ‘रिअल रॉक’ ही शब्दविरहित सुरावट मुद्रित केली. अशा सुरावटीस तेथे ‘रिडिम’ म्हणतात. याच रिडिमवर विली विल्यम्स यांनी १९७० नंतरच्या दशकात ‘आर्मागिडियन टाइम’ हे गीत गायिले. पुढे कित्येक गायकांनी तीच सुरावट घेतली. जमैकाचा स्वतःचा स्वामित्व कायदा १९९३ साली झाला. तोवर गायकाचे नाव सर्वतोमुखी झाले, तरी सुरावट उभारणारे वादक बहुधा पडद्याआडच राहिले.

आपल्याकडील कायद्याची कथा फारशी निराळी नाही. १९५७ च्या स्वामित्व कायद्यातील व्याख्येनुसार सांगीतिक कृती लिखित वा मुद्रित रूपात असणे आवश्यक होते. ही अट १९९४ च्या दुरुस्तीने गेली. म्हणजे मौखिक परंपरेतील चालीस सदतीस वर्षे या व्याख्येत स्थान नव्हते.

नाट्यपदास निदान छापील शीर्षक तरी लाभले. ज्या सुरावटीस शब्दच नाहीत, तिचे काय? सालवड ज्या पालघर जिल्ह्यात आहे, तेथील वारल्यांचा तारपा हे याचे जवळचे उदाहरण होय. वाळलेला भोपळा व बांबूच्या नळ्या यांचे हे वाद्य वाजविणाऱ्याभोवती नर्तक फेर धरतात. त्याने सुरावट बदलली की सर्वांची पावले बदलतात. तिच्या शिरोभागी ‘चाल’ लिहावयास पुस्तकच नाही. वादकाच्या नावासह, स्थळकाळ नोंदवून, तिचे ध्वनिमुद्रण करणे हेच तिचे शीर्षक ठरेल. ते काम संशोधकांचे आहे, आणि ते वादक हयात असतानाच व्हावयास हवे.